ब्रिटन सोडून डब्लिनला जावे की अॅमस्टरडॅमला?

ब्रिटनमध्ये दहा-बारा वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबापुढे नोकरीच्या निमित्ताने पुन्हा देश बदलण्याचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा डब्लिन आणि अॅमस्टरडॅम ही दोन नावे हटकून निघतात. दोन्ही शहरे लंडनपासून विमानाने तास-सव्वा तासावर आहेत, दोन्हीकडे युरो चालतो आणि संगणक व वित्त क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांची युरोपातील कार्यालये दोन्हीकडे आहेत. आम्ही रेडिंगहून आधी डब्लिनला आणि तिथून पुढे अॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अॅम्स्टेलवेनला बिऱ्हाड हलवले. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट, पत्नीकडे भारतीय, आणि मुलगी शाळेत जाणारी, असे आमचे त्रिकोणी कुटुंब. या दोन स्थलांतरांनंतर माझे मत असे झाले आहे की पगार आणि घरभाडे यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून हा निर्णय घेता येत नाही. घरातल्या ज्या माणसाची बाजू कागदोपत्री किंवा भाषेच्या दृष्टीने सर्वांत लंगडी आहे, त्या माणसाचे पहिले वर्ष कोणत्या शहरात कसे जाईल, हे आधी पाहावे.

कागदपत्रांपासून सुरुवात करतो, कारण दोन शहरांतला सर्वांत मोठा फरक तिथेच आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात १९२० च्या दशकापासून सामायिक प्रवास क्षेत्राची व्यवस्था चालत आली आहे आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना, मे २०१९ मध्ये, दोन्ही सरकारांनी करार करून ती पक्की केली. त्यामुळे ब्रिटिश नागरिकाला डब्लिनमध्ये राहण्यासाठी, नोकरी करण्यासाठी किंवा शिकण्यासाठी व्हिसा लागत नाही, परवाना लागत नाही, परदेशी म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. संसदेच्या निवडणुकीत मतदानसुद्धा करता येते. मी एका शुक्रवारी रेडिंग सोडले आणि सोमवारी डब्लिनमध्ये कामावर रुजू झालो.

मात्र हा हक्क ब्रिटिश नागरिकांचा आहे, ब्रिटनमधल्या कायम वास्तव्याच्या परवान्याचा नाही, आणि आपल्या लोकांची गफलत नेमकी इथे होते. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनचा अनिश्चित मुदतीचा वास्तव्य-परवाना आहे, त्यांना आयर्लंडमध्ये इतर कोणत्याही भारतीय नागरिकाप्रमाणेच रोजगार-परवाना काढावा लागतो, आणि ब्रिटनबाहेर सलग दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्यास तो ब्रिटिश परवानाही सर्वसाधारणपणे रद्द होतो. ब्रिटिश नागरिकाच्या भारतीय जोडीदारालाही डब्लिनला राहायला जाण्यापूर्वी, आयर्लंडच्या बाहेर असतानाच पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तिच्यासाठी विवाहाचे आणि उत्पन्नाचे पुरावे द्यावे लागतात आणि निर्णय येईपर्यंत काही महिने जातील असे धरूनच चालावे. माझे सोमवारी कामावर रुजू होणे जितके सोपे होते, तितकेच पत्नी आणि मुलगी यांचे मागे रेडिंगला थांबून राहणे अवघड होते. रोज रात्री व्हिडिओवर मुलगी गृहपाठाची वही कॅमेऱ्यासमोर धरायची आणि मी अक्षर नीट दिसत नाही म्हणून ती पुढे-मागे करायला सांगायचो.

अॅमस्टरडॅमचे गणित बरोबर उलटे आहे. १ जानेवारी २०२१ पासून नव्याने येणारा ब्रिटिश नागरिक नेदरलँड्समध्ये इतर बिगर-युरोपीय माणसांच्याच रांगेत उभा असतो. बहुतेक नोकरदार उच्चकुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर येतात. त्यासाठी कंपनी स्थलांतर विभागाची मान्यताप्राप्त प्रायोजक असावी लागते आणि पगार ठरावीक किमान मर्यादेच्या वर असावा लागतो. तिशीच्या आतल्यांसाठी ही मर्यादा कमी आहे. पण अर्ज कंपनी करते, तो जोडीदार आणि मुले यांच्यासह एकत्रच करता येतो, आणि जोडीदाराला कोणतीही नोकरी करण्याची मुभा परवान्यावरच छापून मिळते. ब्रिटिश पासपोर्ट असणाऱ्याला प्रवेश-व्हिसा लागत नाही, भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला लागतो. आम्ही तिघे एकाच विमानाने आलो, हे मला आजही या शहराच्या बाजूचे फार मोठे मोल वाटते.

याची दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त तीन महिने मिळतात आणि त्या काळात सगळ्या घराचा परवाना टांगणीला लागतो. डब्लिनमध्ये ब्रिटिश नागरिकाची नोकरी गेली, तरी त्याच्या राहण्याच्या हक्काला धक्का लागत नाही. ज्यांची कंपनी अस्थिर आहे किंवा ज्यांना पुढे स्वतःचा व्यवसाय करायचा आहे, त्यांनी हा एकच मुद्दा इतर सर्व मुद्द्यांच्या वर ठेवावा.

घर मिळवणे दोन्हीकडे कठीण आहे, पण अडचणींचे स्वरूप वेगळे आहे. दोन शयनगृहांच्या घराला दोन्ही शहरांत महिन्याला दोन हजार युरोंहून अधिक भाडे सहज पडते. डब्लिनमध्ये घरेच कमी आहेत. घर पाहण्याची वेळ संध्याकाळी साडेपाचची दिलेली असते आणि आपण पोहोचतो तेव्हा जिन्यापासून फुटपाथपर्यंत माणसे हातात पारदर्शक फाइल घेऊन उभी असतात. त्या फाइलमध्ये कंपनीचे पत्र, आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र आणि बँकेची विवरणे असतात. ब्रिटनमधील घरमालकाचे पत्र इथे ग्राह्य धरले जाते, म्हणून ते निघण्यापूर्वीच घ्यावे. कायद्याने अनामत आणि आगाऊ भाडे मिळून दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक रक्कम मागता येत नाही, आणि भाडेकरार निवासी भाडेकरू मंडळाकडे नोंदवलेला असावा लागतो. आम्हाला घर मिळायला नऊ आठवडे लागले आणि तोवर मी एका सहकाऱ्याच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहिलो.

अॅमस्टरडॅममध्ये अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. १ जुलै २०२४ पासून मधल्या दर्जाच्या घरांचे भाडेही घराच्या आकाराला आणि सोयींना मिळणाऱ्या गुणांच्या हिशेबाने ठरते आणि नवे करार सहसा बेमुदत असतात, त्यामुळे एकदा घर मिळाले की भाडेकरूची बाजू भक्कम असते. पण दोन गोष्टी आधी माहीत नसतील तर फजिती होते. पहिली म्हणजे नगरपालिकेत नोंदणी. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत पत्त्यासह नोंदणी करायची असते. तिच्यातून नागरिक सेवा क्रमांक मिळतो आणि विमा, डिजिटल ओळख, मुलांची शाळा, सारे त्या क्रमांकाला बांधलेले असते. जो घरमालक ‘राहा, पण या पत्त्यावर नोंदणी करू नका’ असे म्हणतो, त्याचे घर कितीही सुंदर असले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरातीतला ‘काल’ हा डच शब्द. त्याचा अर्थ उघडे, आणि तो शब्दशः घ्यायचा असतो. आम्ही पाहिलेल्या एका घरात जमिनीवर नुसता सिमेंटचा गिलावा होता, छतातून दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या आणि आधीचा भाडेकरू आपल्या खर्चाने घातलेली लाकडी जमीन उचकटून बरोबर घेऊन गेला होता. पत्नीने दारातच विचारले, “घर अजून बांधून व्हायचंय का?” जमीन आणि पडदे असलेल्या घराला वेगळा शब्द आहे आणि सामानासह मिळणाऱ्या घराला तिसरा. हे तीन शब्द पाठ करूनच शोध सुरू करावा.

आरोग्यसेवेत ब्रिटनसारखी मोफत व्यवस्था दोन्हीकडे नाही, हे मनाशी पक्के करावे. डब्लिनमध्ये कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारे सरकारी वैद्यकीय कार्ड नसेल तर कुटुंबाच्या डॉक्टरांकडे प्रत्येक खेपेला साधारण ५० ते ७० युरो मोजावे लागतात. आठ वर्षांखालील मुलांना ही भेट मोफत आहे, आणि औषधांचा खर्च महिन्याला ८० युरोंहून पुढे गेला तर वरचा भार सरकार उचलते. खासगी विमा ऐच्छिक असला तरी पस्तिशी ओलांडलेल्याने आल्यापासून नऊ महिन्यांत तो घेतला नाही, तर पुढे हप्त्यावर कायदेशीर अधिभार बसतो. ही मुदत मला कोणी सांगितली नव्हती. नेदरलँड्समध्ये मूलभूत विमा सक्तीचा आहे आणि तो चार महिन्यांच्या आत घ्यावा लागतो, हप्ता मात्र मागील तारखेपासून भरावा लागतो. प्रौढाला महिन्याला साधारण दीडशे युरो पडतात, अठरा वर्षांखालील मुलांना काही पडत नाही, आणि उपचारांच्या खर्चातले वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात. कुटुंबाच्या डॉक्टरांची भेट या रकमेत धरली जात नाही. दीर्घकालीन आजार असलेले माणूस घरात असेल, तर खर्चाचा अंदाज नेदरलँड्समध्ये अधिक नेमका बांधता येतो.

करांबाबत एवढेच सांगतो की नेदरलँड्समध्ये परदेशातून भरती झालेल्या पात्र कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत पगाराचा काही हिस्सा करमुक्त मिळतो. हा हिस्सा आतापर्यंत ३० टक्के होता आणि २०२७ पासून २७ टक्के होणार आहे. दुसरीकडे तिथे बचत आणि गुंतवणुकीवर कर आहे, आणि ब्रिटनमधील करमुक्त बचत खात्याची करमुक्तता दोन्ही देशांत संपते.

मुलांची शाळा आणि भाषा या विषयावर मात्र थांबावे लागेल. डब्लिनमध्ये शाळेचे माध्यम इंग्रजीच असल्याने मुलगी पहिल्या आठवड्यातच वर्गात मिसळून गेली. अडचण दोन बाबतींत येते. बहुतांश प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. २०१८ च्या कायद्याने प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट लावण्यास त्यांना मनाई झाली असली, तरी वर्गातील धार्मिक शिक्षणातून मुलाला वगळायचे की नाही, हे पालकांना ठरवावे लागते. सर्वधर्मीय शाळा आहेत, पण त्यांच्या प्रतीक्षायाद्या लांब असतात. शिवाय आयरिश भाषा सक्तीची आहे. मुलीला ती आवडली, कारण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आणखी एक भाषा जड जात नाही.

नेदरलँड्समध्ये सरकारी शाळा डच माध्यमाच्या आहेत. नव्याने आलेल्या मुलांना सुमारे वर्षभर वेगळ्या वर्गात डच शिकवून मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. सात-आठ वर्षांपर्यंतची मुले यातून चांगली तरून जातात. पण बाराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षकांच्या शिफारशीनुसार मुलांची व्यावसायिक, मध्यम आणि विद्यापीठपूर्व अशा वेगवेगळ्या प्रवाहांत वाटणी होते, आणि दहा-अकरा वर्षांचे हुशार मूल केवळ डच कच्चे असल्यामुळे खालच्या प्रवाहात जाण्याची भीती खरी आहे. त्याला पर्याय म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळा. सरकारी अनुदान असलेल्या अशा शाळांचे शुल्क खासगी शाळांपेक्षा बरेच कमी असते, पण जागा लवकर भरतात. मुलगी पहिल्या तीन महिन्यांत शाळेतून येऊन दप्तर दारातच टाकून गप्प बसायची, आणि चौथ्या महिन्यात एके दिवशी शेजारच्या मुलाशी सायकलच्या कुलुपावरून डचमध्ये भांडताना मला ऐकू आली. तरीही मूल नऊ वर्षांच्या पुढचे असेल आणि आंतरराष्ट्रीय शाळेची जागा हातात नसेल, तर अॅमस्टरडॅमचा विचार करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

पुढच्या नागरिकत्वाचा विचार आजच करावा. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर दोन्ही देशांत अर्ज करता येतो. आयर्लंड दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भाषेची परीक्षा घेत नाही, आणि आयरिश पासपोर्टमुळे युरोपीय संघात कुठेही राहण्याचा हक्क ब्रिटिश पासपोर्ट न सोडता परत मिळतो. ब्रिटिश नागरिकाच्या पासपोर्टवर वास्तव्याचा शिक्का नसल्याने वेतनपत्रके आणि बँकेची विवरणे पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावीत. नेदरलँड्समध्ये डच भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि काही अपवाद वगळता जुने नागरिकत्व सोडावे लागते. भारतीय नागरिकत्व मात्र दोन्हीकडे सोडावेच लागेल. युरोपातल्या प्रवासात चित्र पालटते. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नसल्याने डब्लिनमधील भारतीय जोडीदाराला पॅरिसला जायलाही व्हिसा लागतो, आणि डच परवान्यावर तो लागत नाही.

आपल्या माणसांच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी उणीव भासत नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांकडून नाते असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, हे सांगताना डब्लिनमधल्या मराठी घरांतला अभिमान लपत नाही. अॅम्स्टेलवेनमध्ये भारतीय कुटुंबे इतकी आहेत की बालोद्यानात मराठी हाक ऐकून मागे वळण्याची सवय होते, आणि सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानांत डाळी, कारली, भेंडी मिळतात.

सामान हलवताना दोन्हीकडे नियम सारखे आहेत. किमान सहा महिने वापरलेल्या घरगुती वस्तू स्थलांतरितांच्या सवलतीत सीमाशुल्काशिवाय नेता येतात, पण त्यासाठी यादीसह अर्ज वेळेत करावा लागतो. डब्लिनमध्ये ब्रिटनसारखेच तीन पिनांचे प्लग असल्याने मिक्सर आणि इस्त्री तशीच चालते, अॅमस्टरडॅममध्ये प्रत्येक वस्तूला दोन पिनांचा जोड लागतो. ब्रिटनमधून युरोपीय संघात सोबत दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढे सामानात बांधू नयेत. लोणी दोन्ही शहरांत उत्तम मिळते आणि पहिल्याच आठवड्यात घरी कढवता येते.