पुरात बुडालेली जिप्सी आणि बदललेला पुढचा डिफरेन्शियल

स्वतःचा वेडेपणा चारचौघांत सांगायला कोणाला आवडतं? म्हणून इतके दिवस गप्प होतो. पण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाने जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी) घेतली आणि मोठ्या खुशीत सांगितलं, "गॅरेजवाला एकदम देवमाणूस मिळालाय, गाडी त्याच्यावर सोडून दिलीय." देवमाणूस हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्यावालाही देवमाणूसच होता.

माझी गाडी २००५ ची मारुती जिप्सी. १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन. चिपळूणला बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान, आणि गुहागरच्या बाजूला सड्यावर आंबा-काजूची थोडी बाग. बागेकडे जाणारा शेवटचा दोनेक किलोमीटर रस्ता पावसाळ्यात नावापुरताच असतो: आधी लाल चिखल, मग जांभ्या कातळाचा उभा चढ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे फोर बाय फोर लागते, उरलेले आठ महिने मागच्या दोन चाकांवर भागतं. आधीच्या मालकाने पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक, म्हणजे चाक ॲक्सलला जोडायची किंवा सोडवायची कळ, बसवून घेतले होते. ते मोकळे ठेवले की पुढचा डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा) आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (त्या डब्यापर्यंत ताकद नेणारा दांडा) आराम करतात, पेट्रोलही थोडं वाचतं. या 'आराम करतात'मध्येच माझी फसवणूक लपली होती.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना वेगळा सांगायला नको. गाडी दुकानामागच्या बोळात उभी होती, ती टपासकट पाण्याखाली गेली. दुकानाचं काय झालं ते इथे लिहीत नाही, तो विषय वेगळा आहे. पाणी उतरल्यावर पाहिलं तर सीटवर, डॅशबोर्डवर, इंजिनावर वाशिष्ठीचा तो बारीक चिकट गाळ बसलेला. एक गोष्ट मात्र मी बरोबर केली: चावी लावली नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येताना पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जातं. आमच्याच आळीत दोन गाड्या अशा गेल्या. बॅटरी सोडवून ठेवली आणि मिस्त्री शोधायला निघालो. पण गावातल्या प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांची रांग, आणि काही मिस्त्र्यांची गॅरेजंच वाहून गेलेली. विमा विचाराल तर जुनी गाडी म्हणून मी फक्त थर्ड पार्टी काढत होतो. त्यात पुराचा एक रुपया मिळत नाही.

अशात कोणीतरी एका मोठ्या शहरातल्या, फक्त फोर बाय फोरचं काम करणाऱ्या गॅरेजचा नंबर दिला. फोनवरचं पहिलंच वाक्य: "साहेब, पूरग्रस्तांकडून मी नफा घेत नाही. गाडी पाठवा, बाकी माझ्यावर सोडा." घर-दुकान उपसून उपसून मी अर्धा झालो होतो, त्यामुळे हे ऐकून डोळ्यांत पाणीच आलं. ट्रकवर घालून गाडी पाठवली. सोबत स्वतः गेलो नाही, ही पहिली चूक. पाठवण्याआधी खालून एकही फोटो काढला नाही, ही दुसरी.

इंजिन उघडल्याचे फोटो आले, तेही झकास. मग एकेक निरोप यायला लागला. ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला देणाऱ्या डब्यात) पाणी गेलंय, बेअरिंगचा पूर्ण सेट टाकावा लागेल. दोन्ही डिफरेन्शियल उघडावे लागतील. यात खोटं काही वाटेना, कारण हे होतंच. ॲक्सलला वर एक छोटी श्वास-नळी असते, ब्रीदर, तिच्यातून आणि जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. ते वेळेवर बदललं नाही तर बेअरिंगांना गंज चढतो. त्याने सांगितलेलं प्रत्येक वाक्य पुस्तकी अर्थाने खरं होतं. फक्त त्यातलं बरंचसं त्याने केलंच नाही.

ऑक्टोबरात गाडी परत आली. १,१२,००० रुपये झाले, त्यातले निम्मे रोख. बिलावर एकच ओळ: 'पूरगाडी संपूर्ण काम'. गाडी दिसायला नवरीसारखी, चेसिसला खालून काळाकुळकुळीत अंडरबॉडी कोटिंग. गल्लीत एक फेरी मारली, इंजिन गोड वाजत होतं, खूश झालो. दिवाळीला त्याला आंब्याच्या वड्यांचा डबाही पाठवला. घरात यावरून अजून टोमणे बसतात.

आठ महिने गाडीने काहीही तक्रार केली नाही. वाचणाऱ्याने या आठ महिन्यांवर जरा थांबावं. पाऊस सरल्यावर दिलेल्या गाडीचं पुढचं अंग कोण तपासणार? मी हब मोकळे ठेवून चिपळूण-गुहागर करत होतो. पुढच्या डिफरेन्शियलच्या जागी त्याने नारळ बसवला असता तरी मला कळलं नसतं.

जून २०२२, पहिला बरा पाऊस. बागेच्या फाट्यावर उतरून दोन्ही हब लॉक केले, लिव्हर फोर-हायमध्ये (चारही चाकांवर) टाकली. चिखलात गाडी चालली, पण कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी. पुढची चाकं चिखल कापण्याऐवजी ओरबाडत होती. ऑइल नवीन असेल, सील घट्ट असतील, असं मीच माझं समाधान करून घेतलं. लिव्हर परत टू-हायला (फक्त मागच्या दोन चाकांवर) यायलाही तयार नाही, गाडी थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा खटकन सुटली. तिसऱ्या खेपेला कातळाच्या चढावर टक, टक, टक असा आवाज आला आणि मग एक धाड. खाली वाकून पाहिलं तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तुटून शाफ्ट लोंबकळतोय.

चिखलात चाक घसरतं, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांतला फरक तिथे पचून जातो. कातळावर घसरायला जागा नसते. जिप्सीसारख्या गाडीत फोर बाय फोर टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात, मधे समजूत काढणारं कोणी नसतं. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकू नये म्हणतात.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्या शेजारच्या वाडीत राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. ते आले, बिडी विझवली आणि पहिल्यांदा सुतळी मागितली. चारही टायरांना सुतळी गुंडाळून घेर मोजला. टायर कमीजास्त झिजलेले असले तरी अशी ओढाताण होते म्हणाले. घेर सारखे निघाले. मग त्यांनी माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला खडू घेतला.

हे मी नीट सांगतो, कारण ते कोणालाही अंगणात करता येतं. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून. मागचं एकच चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर. चाकावर एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर एक रेघ. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. एकच चाक फिरत असल्यामुळे शाफ्ट निम्माच फिरतो, म्हणून दोन फेरे घ्यायचे. शाफ्ट पावणेचार फेऱ्यांना केसभर कमी फिरला. १३०० च्या जिप्सीचं गुणोत्तर (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ३.७२७, म्हणजे मागचा बरोबर. मग दोन्ही हब लॉक करून पुढे तेच. एक, दोन, तीन, चार... आणि खडूची रेघ चार फेरे पूर्ण करून पुढे सरकली. नानांनी दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मला मोजायला लावलं.

"ह्यो तुमचा न्हाय," नाना म्हणाले. "ह्यो जुन्या हजार सीसीच्या जिप्सीचा हाय."

जुन्या १००० सीसीच्या जिप्सीत ४.१११ चा क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधली हे गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) येई. आमच्या ॲक्सलमध्ये तो बसला, त्यामुळे बाहेरून काही ओळखू येईना. फरक दहा टक्क्यांचा. मागची चाकं दहा फेरे मारणार, पुढची नऊच मारू पाहणार. माझ्या टायरांच्या मापाने वीसेक मीटरमध्ये दोन मीटरची मारामारी. मी वर चढत होतो आणि माझीच पुढची चाकं ब्रेक लावत होती. माझा चांगला क्राउन-पिनियन दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत गेला असणार, आणि त्याचे पैसे त्या माणसाकडूनही घेतले असणार, हा नानांचा अंदाज.

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने ते सुंदर काळं कोटिंग खरवडायला सुरुवात केली. पुढच्या डिफरेन्शियलच्या नटांवर पान्याच्या ताज्या चकचकीत कडा. ट्रान्सफर केसच्या बोल्टांवर मात्र रंगाखाली पुराचा गाळ, सुकून टणक झालेला, बोल्टच्या डोक्यांच्या खाचेत तसाच. ज्या ट्रान्सफर केसमध्ये 'बेअरिंगचा पूर्ण सेट' टाकला होता, ती कुणी उघडलीच नव्हती! ड्रेन प्लग सोडला तर दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल बाहेर आलं. वर्षभर मी बेअरिंगांना हा चहा पाजत होतो. चेसिसवर तर गंज न घासताच त्यावर रंग मारलेला. खारी हवा असलेल्या मुलखात याच्याइतकं वाईट काम नाही, कारण रंगाखाली ओल अडकते आणि पत्रा आतून जातो.

गॅरेजवाल्याला फोन केला. "साहेब, गाडी तुम्ही कुठे कुठे दाखवली असेल, मी कसं सांगू?" दुसऱ्यांदा केला तेव्हा, "पुराच्या वेळी आम्ही तुम्हाला मदत केली, हे फळ दिलंत." तिसऱ्यांदा उचलला नाही. वकिलांना विचारलं. जिल्हा ग्राहक आयोगात आता आपण राहतो तिथेही तक्रार करता येते, सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. सगळं माझ्या बाजूने. पण त्यांनी विचारलं, पुढचा डिफरेन्शियल तुमचाच होता याचा कागद काय? एका ओळीचं बिल, निम्मे पैसे रोख, एकही फोटो नाही. नोटीस पाठवल्यावर १५,००० रुपये परत आले आणि माझा नंबर ब्लॉक झाला. मी तिथेच सोडून दिलं. आज सोडलं नसतं.

३.७२७ चा जुना पण चांगला क्राउन-पिनियन शोधायला अडीच महिने लागले. ट्रान्सफर केसचे बेअरिंग, सील, क्रॉस धरून आणखी ४६,००० गेले. आता गाडी कुठेही द्यायची झाली तर आधी खूण ठोकायचा पंच आणि हातोडी घेऊन खाली शिरतो. डिफरेन्शियल, ट्रान्सफर केस, हब, सगळ्यांवर माझी तीन टिंबांची खूण आहे, आणि तिचे फोटो मिस्त्रीच्या समोरच काढतो. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही, एकाला आला तर गाडी तशीच परत आणली. बदललेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात घालून परत मागतो. ऑइल डब्याचं सील माझ्यासमोर फुटतं. गिअरबॉक्सला आणि डिफरेन्शियलला एकच ऑइल ओतणारे महाभागही असतात: डिफरेन्शियलला जीएल-५ प्रतीचं ऑइल लागतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये गेलं तर त्यातले काही घटक सिंक्रोच्या (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खातात. आणि महिन्यातून एकदा, भर उन्हाळ्यातही, नदीकाठच्या वाळूत हब लॉक करून फोर बाय फोर टाकतो. गाडी कुठूनही परत आली की पैसे देण्याआधी तिथेच मातीत हे करून बघतो. चकचकीत फरशीवरच्या गॅरेजवाल्याला हे विचित्र वाटतं, वाटू दे.

तो ४.१११ चा क्राउन-पिनियन अजून दुकानात काउंटरखाली पडून आहे. मागच्या आठवड्यात देवरुखकडच्या एकाचा फोन आला, त्याच्याकडे १९८० च्या दशकातली हजार सीसीची जिप्सी आहे आणि नेमका हाच माल त्याला मिळत नाहीये. रविवारी बघायला येतोय. नानांनी निरोप दिलाय, त्याला म्हणावं, खडू घेऊन ये आणि आधी स्वतः मोजून बघ.