पोलो जीटी टीएसआय: स्टेज १ रिमॅप आणि एक्झॉस्ट, १४ महिने चालवून झाल्यावर

गाडी २०१७ ची, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणलाच बनलेली. १.२ टर्बो पेट्रोल, कंपनीचा आकडा ताकद १०५ पीएस आणि टॉर्क १७५ एनएम, जोडीला ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२२ मध्ये पोलो भारतात बंदच झाली त्यामुळे ही गाडी मला विकायची नाहीये, जपायचीये, आणि जपत जपत थोडी जोरातही पळवायचीये. त्या हिशोबाने जे जे लावलं त्याचा हा रिव्ह्यू, कारण मला स्वतःला शोधताना मराठीत असं काही सापडलं नव्हतं आणि गॅरेजवाले जो तो आपलं सामान खपवायला बसलेला.

आधी माझं काय चुकलं ते, कारण पैसे तिथेच गेले. मी सुरुवात एक्झॉस्टने केली. एका गॅरेजमध्ये गेलो (नाव घेत नाही), त्यांनी दोन तासांत कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलं, मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा डबा) उडवला आणि सरळ पाईप मारून दिला, म्हणे १५ बीएचपी वाढतात. आवाज प्रचंड, गाडी मात्र तिथेच. तिसऱ्या दिवशी चेक इंजिन लाईट, कोड पी०४२०, कारण कॅटच्या मागचा सेन्सर कॅट काम करतंय का तेच बघत असतो आणि तिथे आता कॅटच नव्हतं. सिग्नलला काच उघडली की डोळे चुरचुरायचे. सोसायटीत खालच्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे, त्याची आई एकदा नुसतं एवढंच म्हणाली, "दादा, सकाळी गाडी जरा गेटबाहेर नेऊन चालू कराल का?" मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच. आठवड्यात जुना पाईप आणि कॅट परत बसवलं. सायलेन्सर बदलताना कॅट कधीच काढू नका, धूर आपल्याच गावात राहतो.

मग शांतपणे वाचलं, दोन-तीन जाणत्या लोकांशी बोललो आणि गोष्ट समजली. टर्बो गाडीत किती टॉर्क द्यायचा हे ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, ठरवून दिलेलं असतं, मागे मनगटाएवढा पाईप लावा तरी तो ठरलेलाच टॉर्क देणार. म्हणजे पहिला पैसा मॅपवर, ईसीयूमधलं हे गणित बदलण्यावर. यालाच रिमॅप म्हणतात, आणि बाकी पार्ट कंपनीचेच ठेवून नुसता मॅप बदलला की ते स्टेज १.

रिमॅप भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये केला आणि त्यांच्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आवडलं काय, तर त्यांनी पहिल्या दिवशी नव्या मॅपची फाईल टाकलीच नाही. आधी लॉगिंग केलं, म्हणजे गाडी चालवून सेन्सरच्या नोंदी घेतल्या, प्लग बघितले, एक कॉइल कमजोर निघाली ती बदलायला लावली, ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचं आहे ना ते विचारलं, आणि सांगितलं की आठ दिवस चालवून परत या. शिवाय पेट्रोल कुठलं भरता हा प्रश्न! साधं, तेव्हाचं ९१ ऑक्टेनचं, भरणार असाल तर वेगळी फाईल, ९५ ऑक्टेनचं एक्सपी९५ भरणार असाल तर वेगळी. ९५ च्या मॅपवर ९१ भरलं तर नॉकिंग होतं (पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटतं), ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच जाते, वर पिस्टनला मार बसतो तो वेगळाच. मी ९५ ची घेतली कारण घराजवळच्या पंपावर ते नेहमी मिळतं, ज्यांना गावाकडे सारखं जावं लागतं त्यांनी साध्या पेट्रोलचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांनी स्टेज २ साठी (पार्टही बदलून आणखी ताकद काढायची) अजिबात आग्रह केला नाही हेही सांगायला हवं. आपला डीएसजी म्हणजे डीक्यू२००, ड्राय क्लचवाला, त्याची मर्यादा २५० एनएमची. स्टेज १ ला साधारण २२० च्या आसपास ठेवून दिलं त्यांनी, आणि खालच्या आरपीएमला टॉर्क एकदम न देता हळूहळू चढवला. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हा क्लच तसाही तापतोच, त्यावर आणखी ओझं कशाला.

डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) चाकांना आधी ९२ बीएचपी आले होते, नंतर ११३. पण आकड्यापेक्षा फरक कळतो तो खंबाटकीला. साताऱ्याकडे जाताना चढावर चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, पूर्वी ट्रकच्या मागे अडकलं की किकडाऊनची (गिअरबॉक्स गिअर खाली टाकायची) वाट बघायची आणि तोवर समोरून जागा बंद. आता नुसता पाय थोडा दाबला की त्याच गिअरमध्ये उचलते. मे महिन्यात मुद्दाम दुपारी दोन वाजता त्याच घाटात लॉग घेतला, सगळ्यात जास्त टायमिंग ओढलं गेलं ते एका सिलिंडरला ४ डिग्री, बाकी तीन त्याच्याही आत. त्या उन्हात एवढं चालतं.

फिल्टर के अँड एनचं पॅनलवालं टाकलं, कंपनीच्याच बॉक्समध्ये बसतं. फरक? डायनोवर दोन रनमध्ये जेवढा फरक असाच पडतो तेवढाच, धुवून परत वापरता येतं एवढा फायदा. उघडा कोन फिल्टर घेऊ नका, बॉनेटखालची गरम हवा ओढतो, फुस्स आवाज येतो तो मजेशीर असतो मान्य, पण आपल्या उन्हाळ्यात नुकसानच.

आणि शेवटी एक्झॉस्ट, यावेळी नीट. कॅट जागेवर, त्याच्या मागे सव्वादोन इंची पाईप, एसएस ३०४, टिग वेल्डिंग, मध्ये लांब रेझोनेटर. ताकद यातून नाही आली, म्हणायला दोनेक बीएचपी. मग लावला कशाला? कारण मला तो आवाज आवडतो, थंड असताना जरा खोल, चार हजारच्या पुढे घट्ट, आणि शहरात साठ-सत्तरच्या स्पीडला जवळपास कंपनीसारखा शांत. पहिल्या फिटिंगला अडीच हजार आरपीएमला असा काही घुमायचा की एक्सप्रेसवेवर लोणावळा येईस्तोवर बायकोचं डोकं दुखायला लागलं. परत नेली तर एक्झॉस्टवाल्यांनी कुरकुर न करता रेझोनेटर मोठा घातला, त्याचे पैसे घेतले नाहीत, हँगरचे रबरही बदलून दिले.

खर्च माझा: मॅप ३२ हजार, फिल्टर ६ हजार, एक्झॉस्ट रेझोनेटर धरून २८ हजार. पहिल्या सरळ पाईपचे गेले ते वेगळे. कंपनीची वॉरंटी माझी संपलेली होती, ज्यांची चालू आहे त्यांनी थांबा. आणि गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा नीट वाचा, नुसतं गॅरेजवाला सांगतो म्हणून पुढे जाऊ नका.

आता ऑइल साडेसात हजार किलोमीटरला बदलतो, पंधरा हजारची वाट बघत नाही. क्लचचं रीडिंग दर सर्व्हिसला घेतोय, अजून तरी व्यवस्थित.

कुणाला एक्झॉस्ट घ्यायच्या आधी ऐकायचा असेल तर रविवारी सकाळी चांदणी चौकाकडे या, पण बाहेर उभं राहून ऐकू नका, आत बसा, काचा बंद करा आणि अडीच हजारवर दहा मिनिटं चालवू द्या.