दहा फुटी पटिंग मॅट: पावसाळ्यात घ्यावी का?

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की गोल्फ घरात येतो. पार ७२ मध्ये, म्हणजे अठरा भोकांसाठी ठरलेल्या ७२ फटक्यांत, ३६ पट (चेंडू हळूच भोकाकडे घरंगळवायचे फटके) धरलेले असतात. हँडिकॅप, म्हणजे पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, उतरवायचा तर पटांच्या सरावाच्या मॅटचे पैसे वाया जात नाहीत. मात्र टोकाला चढ असलेली नको. जोर लावायची खोड लागते आणि खऱ्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) चेंडू भोकापुढे पळतो. घडी घालून आलेली तर मुळीच नको, सुरकुतीवर चेंडू हमखास वळतो. गुंडाळलेली घ्या, उलटी गुंडाळून रात्रभर ठेवा. पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) डोक्याहून जेमतेम रुंद अंतरावर, चेंडूच्या दोन बाजूंना दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) ठेवून भोकापासून सहा फुटांवरून मारा; टीला धक्का लागला तर पटर रेषेवरून ढळला. भोक १०८ मिलिमीटरचंच आहे ना, मोजा. ओलसर फरशीवर पसरून ठेवली तर खालून बुरशी धरते.