गोधडीचे मशीन घेताना झालेली फसवणूक

गेल्या वर्षी श्रावणात मी फ्री मोशन पद्धतीने गोधड्या शिवण्यासाठी ३४,००० रुपये देऊन एक शिलाई मशीन घेतले. नवे म्हणून मला दिलेले ते मशीन प्रत्यक्षात रंग चढवलेले जुने हेड, म्हणजे मशीनचा सुई आणि चाक असलेला मुख्य भाग, निघाले. हे मशीन मी एका विक्री-प्रदर्शनात पाहिले होते. कोकणात गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर अशी प्रदर्शने गावोगाव लागतात, आणि घरबसल्या चार पैसे मिळवू पाहणाऱ्या माझ्यासारख्या अनेक बायका तेथे मशीन पाहायला जातात. माझ्या बाबतीत जे घडले ते त्यांच्या बाबतीत घडू नये, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

आमचे गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठी आहे. माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या हाताने शिवत असे. कडेकडेने आत येत जाणारा तिचा धावदोरा इतका सारखा असे, की गोधडी उलटीकडून कोणती आणि सुलटीकडून कोणती हे ओळखू येत नसे. मी तिच्याकडूनच शिकले. मुंबईच्या चाकरमान्यांकडून दुपटी आणि पलंगावरच्या गोधड्या यांची मागणी येऊ लागली, तेव्हा एका गोधडीला महिना लावून भागणार नव्हते. म्हणून साठवलेले पैसे काढले, बचत गटाकडून १५,००० रुपयांचे कर्ज घेतले आणि मशीन पाहू लागले.

ज्यांना फ्री मोशन हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नेहमीच्या शिवणीत सुईखालचे दाते कापड मागे सरकवतात आणि टाक्याची लांबी मशीनच ठरवते. फ्री मोशनमध्ये हे दाते खाली उतरवतात, कापड दाबून धरणाऱ्या नेहमीच्या फूटऐवजी रफूचा फूट लावतात आणि कापड दोन्ही हातांनी हवे तसे फिरवतात. वेल, पाने, शंख, लाटा असे काहीही शिवता येते, मात्र टाका लहान पडेल की मोठा हे हाताचा वेग आणि मोटरचा वेग यांच्या मेळावर ठरते. येथे भरतकाम आणि गोधडी यांत एक मोठा फरक आहे, आणि माझी फसवणूक नेमकी त्या फरकाच्या आड झाली. भरतकाम करताना एकपदरी कापड लाकडी रिंगेत ताणून बसवलेले असते. सुई वर येताना ते कापड तिच्याबरोबर उचलले जात नाही, दोऱ्याचा फास सुईमागे नीट तयार होतो आणि सुईखाली फिरणाऱ्या, वरचा दोरा खालच्या दोऱ्यात गुंफणाऱ्या शटलचे टोक तो सहज पकडते. गोधडीला रिंग नसते. वरचे कापड, मधला थर आणि अस्तर असे तीन थर सुईबरोबर वर उचलले जातात, फास मोडतो आणि टाका सुटतो. रफूचा फूट सुई खाली असताना थर दाबून धरतो तो याचसाठी. त्यामुळे रिंगेतल्या कापडावर सुरेख चालणारे मशीन गोधडीवर चालेलच असे मुळीच नाही.

हे सगळे आज मला कळते. त्या दिवशी तालुक्याच्या गावातील सभागृहात, घाटावरून आलेल्या त्या विक्रेत्याच्या टेबलासमोर उभी असताना कळत नव्हते. त्याच्या माणसाने रिंगेत पांढरे मांजरपाट ताणले आणि दोन मिनिटांत काजूचे पान, त्याच्या शिरा आणि बोंडे शिवून दाखवली. मग मला बसवले. माझ्या हातूनही वाकडेतिकडे का होईना, पण न तुटता फूल उमटले, आणि मला फार आनंद झाला. माझ्या पिशवीत तीन थरांचा वीतभर तुकडा होता, तो मी मुद्दाम घरून नेला होता. तो काढला तेव्हा विक्रेता म्हणाला, “ताई, पावसाळी हवेने तुमचा थर फुगलाय. इथे बारीक सुई लावलेली आहे, ती तुटेल. घरी सोळा नंबरची सुई लावा आणि खुशाल चालवा.” बोलणे इतके सहज होते की मी तो तुकडा परत पिशवीत ठेवला. या एका गोष्टीची हळहळ मला अजून वाटते, कारण सुई बदलायला एक मिनिट पुरते आणि सुईची किंमत काही रुपयांची असते.

सुईपासून खांबापर्यंतची, म्हणजे मशीनच्या उजवीकडच्या उभ्या भागापर्यंतची जागा किती, हेही मी विचारले होते. मोठी गोधडी गुंडाळून याच जागेतून पलीकडे न्यावी लागते, म्हणून गोधडीच्या मशीनमध्ये हे माप फार महत्त्वाचे असते. त्याने टेप लावून ११ इंच दाखवले. घरी मोजले तेव्हा कळले की त्याने हेडच्या डाव्या टोकापासून खांबाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरला होता. सुईपासून खांबाच्या आतल्या कडेपर्यंत जेमतेम साडेसहा इंच भरले, म्हणजे कोणत्याही साध्या घरगुती मशीनइतकेच.

५,००० रुपये मी तेथेच मोबाइलवरून दिले. तिसऱ्या दिवशी टेंपोतून बंद खोके आले आणि उरलेले २९,००० रुपये टेंपोबरोबर आलेल्या माणसाने रोख मागितले. पावसाची सर चालू होती, त्याला पुढे आणखी दोन गावे करायची होती, त्यामुळे खोके उघडून पाहण्याआधीच मी पैसे मोजून दिले. हातात पडलेल्या कागदाला मी बिल समजले. त्यावर ‘अंदाजपत्रक’ असे छापलेले होते, जीएसटी क्रमांक नव्हता, मॉडेलचे नाव नव्हते आणि मशीनचा नंबरही नव्हता. केवळ ‘शिलाई मशीन, मोटरसह, नग १’ एवढेच लिहिलेले होते.

पहिल्या संध्याकाळी सरळ शिवण घालून पाहिली, ती चांगली आली. दुसऱ्या दिवशी सोळा नंबरची सुई लावून तीन थर घेतले आणि त्रास सुरू झाला. सरळ जाताना टाका पडे, पण हात वळवला की तीन-चार टाके सुटत. वळणावर अस्तराच्या बाजूला दोऱ्याच्या सैल फासांची रांग दिसे. दाते उतरवण्याचा खटका फिरत होता, पण बोट लावून पाहिले तर दाते वरच होते. मी ताण बदलला, दोरा बदलला, चार सुया मोडल्या. आठ दिवस मी चूक माझ्या हातात शोधत राहिले. दूरध्वनीवर विक्रेता प्रत्येक वेळी एकच विचारी, “सरळ शिवण येते ना? मग मशीन चांगलं आहे, तुमचा हात बसायचाय.” नवशिक्या बाईला हे खरे वाटते, कारण फ्री मोशनला हात बसावा लागतो हे खरेच आहे.

शेवटी भावाने ते हेड गाडीत घालून कणकवलीकडच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. त्यांनी मशीन चालवलेसुद्धा नाही. हेड उलटे केले, बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि म्हणाले, “ताई, ह्या हेड नवीन नाय हा.” मग त्यांनी एकेक गोष्ट मला दाखवली. स्क्रूंच्या खाचा पेचकसाने झिजून तुटलेल्या होत्या आणि त्या तुटक्या खाचांत नवा काळा रंग भरलेला होता. कारखान्यातून आलेल्या मशीनचे स्क्रू असे नसतात. तोंडाचे झाकण काढल्यावर सुईच्या दांडीवर उभ्या घासलेल्या रेषा दिसल्या. आतले तेल सुकून राळेसारखे चिकटले होते. शटलच्या घरात गंजाचे बारीक खड्डे होते, ते पॉलिश कागदाने घासून चकचकीत केले होते. दाते उतरवणाऱ्या खटक्याचा आतला जोडच नव्हता. आणि पाट्यावर, खांबापुढे जेथे नंबर ठोकलेला असतो, तेथील जागा घासून सपाट करून वर रंग दिलेला होता.

सरळ शिवण का येते आणि वळणावर टाका का सुटतो, हेही त्यांनी हाताने चाक फिरवून समजावले. सुई खालच्या टोकाला जाऊन साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर येते, त्या क्षणी शटलचे टोक सुईला जवळजवळ खेटून, छिद्राच्या किंचित वरून जायला हवे. सरळ शिवणीत दाते कापड सरकवतात ते सुई कापडाबाहेर असताना, त्यामुळे सुईवर ओढ येत नाही आणि झिजलेले टोकही फास पकडून नेते. फ्री मोशनमध्ये सुई कापडात असतानाही हात थोडा सरकतोच, सुई केसभर वाकते, आणि टोक झिजलेले असेल तर तो केसभर फरक त्याला झेपत नाही. विक्रेत्याचा ‘सरळ शिवण येते ना’ हा प्रश्न किती विचारपूर्वक निवडलेला होता, हे मला त्या दिवशी उमगले, आणि आठ दिवस स्वतःच्या हाताला दोष दिल्याचे फार वाईट वाटले.

आता जी बहीण असे मशीन घ्यायला निघाली असेल तिला मी आग्रहाने सांगते, की आपली तीन थरांची गोधडीच सोबत न्या, निदान हातभर तुकडा तरी न्या, आणि रिंग बाजूला ठेवायला सांगा. तुकड्यावर स्वतः आपले नाव शिवा, कारण नावातील अक्षरांत सगळ्या दिशांची वळणे येतात, आणि मग तो उलटा करून अस्तराची बाजू पाहा. दाते उतरल्यावर मोटर बंद करून त्यांवर बोट फिरवा. जागेचे माप सुईपासून खांबाच्या आतल्या कडेपर्यंत स्वतःच्या टेपने घ्या. पलंगाच्या गोधड्या करायच्या असतील तर आठ-नऊ इंच जागा, दाते खरोखर उतरणारी यंत्रणा आणि वेग कमी ठेवता येणारी मोटर यांसाठी पैसे खर्च करावेत, भरतकामाच्या शंभर नक्ष्यांसाठी नव्हे. कारखान्यातील एकसुई मशीनमध्ये दहा इंचांहून जास्त जागा मिळते म्हणून काहीजणी तिकडे वळतात, पण त्यातील बहुतेक मशीनचे दाते खटक्याने उतरत नाहीत आणि त्यांचा वेग नवख्या हाताला आवरत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत नव्या मशीनचे शटलही एका पावसाळ्यात गंज धरू शकते, म्हणून शटल उघडून पाहू न देणाऱ्या विक्रेत्याकडे थांबूच नये. ज्या मशीनवर शिवून पाहिले तेच मशीन घ्या आणि त्याचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या.

बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी केल्यावर समजले. तक्रार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही. विक्रेता परजिल्ह्यातला आहे म्हणून मी आधी हातपाय गाळून बसले होते, तसे कोणी बसू नये. मी विक्रेत्याला लेखी नोटीस पाठवली, मिस्त्रींनी पाहिलेल्या गोष्टी त्यांच्या सहीने लिहून घेतल्या, उघडलेल्या हेडचे फोटो काढले, मोबाइलवरून दिलेल्या ५,००० रुपयांची नोंद छापून घेतली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. रोख दिलेल्या २९,००० रुपयांचा पुरावा म्हणून माझ्याकडे ते अंदाजपत्रक आणि टेंपोवाल्याचे त्यामागचे दोन ओळींचे अक्षर एवढेच आहे.

प्रदर्शनात दाखवलेले मशीन आणि मला दिलेले मशीन एकच होते, असे विक्रेत्याचे लेखी उत्तर आले आहे. त्या दिवशी मी शिवत असताना माझ्या भाचीने एक फोटो काढला होता. त्यात मशीन स्वच्छ दिसते, माझे हात दिसतात, काजूचे अर्धे पान दिसते. नंबराच्या जागेवर मात्र रिंगेतून सुटलेले मांजरपाट पसरलेले आहे.