स्टॅन्ली मॅथ्यूज छापाचे जुने फुटबॉल बूट: नाव त्याचं, बूट पोरांचे

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या लिलावांत हे बूट अजूनही निघतात. तपकिरी जाड चामडं, घोट्यापर्यंत उंची, पुढे लाकडासारखं टणक नाक आणि इंग्लंडचा नावाजलेला विंगर (कडेने खेळणारा आघाडीपटू) स्टॅन्ली मॅथ्यूज याच्या नावाचा ठसा. बनवणारी सीडब्ल्यूएस, म्हणजे तिथल्या सहकारी ग्राहक भांडारांची घाऊक संस्था. घेण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: मॅथ्यूज ज्यांत खेळायचा ते बूट हे नव्हेत.

१९५० च्या वर्ल्ड कपला तो ब्राझीलला गेला, तिथले हलके, कमी उंचीचे बूट पाहिले आणि परतल्यावर तसेच स्वतःसाठी करवून घेतले. इतके पातळ, की थोड्याच सामन्यांत निकामी व्हायचे. बचावपटूला अंगावर येऊ द्यायचं, आत वळल्याचं भासवायचं आणि बाहेरून सटकायचं, हा त्याचा खेळ. सगळी मदार पहिल्या चार-पाच पावलांवर. पायात पाणी प्यायलेलं चामडं असेल तर ती पावलं कुठून पडणार? १९५३ च्या एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये बोल्टनविरुद्ध त्याचा क्लब ब्लॅकपूल १-३ ने मागे होता, जिंकला ४-३ ने. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्या दिवशीचे बूट २०१० मध्ये ३८ हजार पौंडांवर गेले. दुकानी जोडाचा त्या भावाशी काही संबंध नाही, विक्रेता काहीही सांगो.

त्याने नाव का दिलं असेल, याला फार डोकं लागत नाही: वरकमाईसाठी. १९४७ मध्ये खेळाडूच्या पगाराची कमाल मर्यादा आठवड्याला १२ पौंड होती आणि मर्यादा उठली ती थेट १९६१ मध्ये.

आता जोड हातात घेतल्यावर. आधी उलटा करा. स्टड, म्हणजे पकड मिळावी म्हणून तळाला असलेले गुट्टे, चामड्याच्या चकत्यांचे, एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेले. चकत्या झिजल्या की खिळ्यांची डोकी वर येतात. आतून बोट फिरवलं तर टोकंही लागतात, म्हणून बोट सावकाश फिरवा. खिळा गंजला की भोवतालचं चामडं काळं पडून भुसभुशीत होतं आणि स्टड हलायला लागतो. एखाददुसरा हलत असेल तर चालेल. सगळेच नवेकोरे दिसत असतील तर मोच्याने बदललेत, किंमत पाडून मागा.

मग चामडं. पांढऱ्या कापडाने हलकेच पुसा. लालसर भुकटी आली तर जोड परत ठेवा. चामडं आतून कुजलंय आणि त्यावर उपाय नाही. नाडीच्या पितळी भोकांभोवती हिरवा चिकट थर दिसेल, त्याला घाबरू नका. चामड्यातल्या चरबीने पितळ खाल्लेलं असतं, कोरड्या कापसाने निघतं. पाणी किंवा ब्रासो लावू नका.

बरेच जोड मुलांच्या मापाचे निघतात, फोटोत मात्र ते कळत नाही. तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागून घ्या. मोठ्या मापाचा असला तरी घालून खेळायचा विचार नको. सत्तर वर्षांची शिवण पहिल्याच लाथेला उसवते.

मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जूनमध्येच बुरशी धरेल. आत आम्लरहित कागद भरा, सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळाभर ते बदलत राहा. डबिन (चामड्याला लावायचं चरबीचं मलम) चोपडणं टाळा, जास्तीची चरबी त्या पितळी भोकांशीच जमते.

माझ्या मते पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सहीच्या गोंधळाचा कापला: ठसा छापील असतो, तरी “सही केलेला जोड” म्हणून विकणारे भेटतातच. बोटाने चाचपा, ठसा चामड्यात दबलेला लागतो; पेनाची शाई वरच बसलेली असते. आणि नाड्या पांढऱ्याशुभ्र असतील तर त्या मूळच्या धरू नका.