परसातलं घरचं खुराडं: 22 महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखजवळ आमच्या घरामागे जानेवारी 2024 मध्ये हे खुराडं उभं केलं. त्याआधी सासूबाई रात्री कोंबड्या पडवीत डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकायच्या. आठ-नऊ होत्या तोवर भागत होतं. आता 16 गावरान कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. बांधलं तेव्हा माती कोरडी, हवा कोरडी, सगळं झकास दिसत होतं. काय जमलं आणि काय फसलं ते जुलैत कळलं, आणि तेही बरंचसं रात्री.

माप 8 बाय 6 फूट. खाली चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) दीड फूट जोतं, वर सिमेंटचा कोबा, दाराकडे जरासा उतार. लांबी पूर्व-पश्चिम धरली, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण चिऱ्याची. उत्तर-दक्षिणेला गुडघ्याच्या वरपर्यंत चिरा आणि पुढे जाळी. छपराला पडक्या गोठ्याची मंगळुरी कौलं. एप्रिलात शेजारच्या पत्र्याच्या खुराड्यात कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या, आमच्या निवांत होत्या. कौलांचा त्रास एकच, वानर. उडी मारली की दोन कौलं सरकलीच. म्हणून कौलांखालीही जाळी हवी.

जाळीबद्दल मात्र सविस्तर सांगते. दुकानदाराने षटकोनी घरांची बारीक तारेची जाळी दिली, 'कोंबड्यांना हीच लावतात' म्हणून. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. ऑगस्टात एका पहाटे कोंबडा आरवलाच नाही. जाऊन बघते तर कोपऱ्यात पिसांचा ढीग, तीन कोंबड्या गायब. गंजलेली तार खालच्या कोपऱ्यातून आत वाकवलेली, जेमतेम वीतभर भोक. सगळे म्हणाले मुंगूस. पण मुंगूस दिवसाचं जनावर. दाराजवळच्या चिखलात ठसा होता: गोल, चार बोटांचा, नखांची खूण नाही. मुंगसाची नखं मातीत उमटतात. मांजराच्या जातीची चालताना आत ओढलेली असतात. रानमांजर होतं ते. गेलेल्यांत आमची चंद्री होती, दोन रवणी काढलेली, म्हणजे दोनदा अंडी उबवलेली, पिल्लांवर जिवापाड पंख धरणारी. तिची आठवण आली की अजून पोटात तुटतं.

आठवड्याच्या आत सगळीकडे अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली, जाळी लावली. 5,400 रुपये गेले, सगळ्या खर्चात सर्वांत मोठा आकडा, आणि तोच आधी करायला हवा होता. नुसते खिळे न मारता जाळीच्या कडेवर लाकडी रीप दाबून स्क्रू लावले. दाराच्या कडीत रात्री खिळा अडकवतो. तेव्हापासून रात्री एकही कोंबडी गेलेली नाही, घूसही आत येत नाही.

खाली भाताचा तूस तीन इंच पसरते. पहिल्या जुलैत त्याच्या ढेपा झाल्या. उभं राहिलं की वास येत नव्हता, पण कोंबडीच्या उंचीला वाकले आणि डोळे चुरचुरले. त्या बिचाऱ्या रात्रभर त्याच अमोनियात बसत होत्या. आम्ही आधी झडी (पाऊस अडवणारे आडोसे) गच्च बांधल्या होत्या, आणि तीच चूक. दमट हवा बाहेर जायला वाटच नव्हती. आता माडाच्या झापांची झड वरून वीतभर मोकळी सोडतो, वळचण तीन फूट पुढे काढली आहे, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि हवा खेळती राहते. तूस एक दिवसाआड दाताळ्याने परतते, ओला दिसला तर काढून टाकते आणि कोरड्यात थोडी विरलेल्या चुन्याची पूड मिसळते. कळीचा चुना चुकूनही नको, पाय भाजतात.

पाण्याची सोय बदलली आणि निम्मं काम झालं. उघडं भांडं काढून बादलीला चोच लावली की थेंब सोडणारे निपल बसवले, दहा कोंबड्यांना एक या हिशेबाने. दुसरं पाणी काढून घेतल्यावर तीन दिवसांत शिकल्या. तूस तेव्हापासून कोरडा राहतो. खाद्यासाठी चार इंची पाइपला कोपर लावून केलेला फीडर मात्र फसला. पावसाळी हवेत भरड आत चिकटून बसली आणि वरच्या भागाला बुरशी आली. तसलं खाद्य कोंबड्यांच्या जिवावर बेतू शकतं. सगळं फेकलं आणि पाठीच्या उंचीला टांगणारा साधा डबा आणला.

बसायला आधी बांबू लावला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार होईनात, तुरे फिके पडले. रात्री बॅटरी घेऊन गेले, बांबूच्या चिरेखालून पांढरा कागद ओढला, तर कागदावर रक्ताचे लाल ओरखडे. रक्त पिणारे लाल माइट, गोचिडीच्या जातीचे बारीक किडे! दिवसा फटीत लपतात, रात्री कोंबडीवर चढतात. पशुवैद्यकांनी दिलेलं औषध फवारलं, बांबू जाळला. आता रंधा मारलेले, कडा गोल केलेले दोन इंची वासे खाचेत नुसते ठेवलेत. महिन्यातून एकदा उचलून बाहेर काढते, उकळतं पाणी ओतून उन्हात टाकते. एका कोंबडीला नऊ इंच जागा पुरते.

अंड्यांसाठी फूटभर मापाचे चार खोके, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि वाशांपेक्षा खाली. वर ठेवले होते तेव्हा सगळ्या त्यातच झोपायच्या आणि अंडी शिटाने माखायची. चार असले तरी दोनच वापरतात, बाहेर रांग लावतात. खुडूक झालेलीला, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारीला, मात्र सासूबाई आजही पडवीतल्या डालग्यातच बसवतात, आणि 21 दिवसांची शांतता तिला तिथेच मिळते.

दार चार फूट उंच ठेवलं, ते कमी पडलं. झाडताना कंबर वाकलेलीच राहते, आणि पावसात फळी फुगून ते चौकटीत अडकतं. मे महिन्यात सुतारकाका येतील तेव्हा चौकट साडेपाच फुटांवर नेणार आणि फळीऐवजी लोखंडी अँगलवर हीच जाळी लावून घेणार आहे.