हातापायाच्या मुंग्यांसाठी एनसीव्ही-ईएमजी: तपासणी चांगली, पण पाणी कुठे मुरतं?

हाताला मुंग्या येतात, तळपाय बधिर झालेत, कप हातातून सुटतो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. अशा तक्रारींवर डॉक्टर चिठ्ठीवर 'एनसीव्ही' लिहून देतात. नाव थोडं फसवं आहे. एनसीव्ही म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो त्याचं मोजमाप. पण वेग हा या तपासणीतला एक आकडा, आणि बऱ्याचदा तोच सर्वांत कमी बोलका. पूर्ण तपासणीचे दोन भाग असतात: कातडीवरून बारीक शॉक देऊन नसा तपासणं, आणि मग स्नायूत सुई घालून त्यातली वीज टिपणं, म्हणजे ईएमजी. पहिला भाग उरकून रिपोर्ट हातात ठेवला जातो तेव्हा, विशेषतः तक्रार अशक्तपणाची असेल तर, अर्धंच काम झालेलं असतं.

आणि इथली नस म्हणजे शीर नव्हे. रिपोर्टमध्ये 'कंडक्शन ब्लॉक' वाचून रक्त अडल्याच्या धास्तीने थेट हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊ नये. तिथे अडलेला असतो तो विजेचा संदेश.

पहिल्या भागाची पद्धत साधी दिसते. मनगटाजवळ अंगठ्याकडच्या बोटांना जाणाऱ्या मीडियन नसेवर ०.२ मिलिसेकंदाचा झटका द्यायचा आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर लाट टिपायची. लाट किती वेळाने आली, किती उंच आली, हे दोन आकडे मिळतात. मग कोपरापाशी झटका द्यायचा, दोन जागांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि वेळेतल्या फरकाने भागायचं, झाला वेग. हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटरच्या वर, पायात ४० च्या वर असावा. वेग पडला तर नसेवरचं आवरण बिघडलंय, उंची पडली तर आतले तंतूच गेलेत, असा ढोबळ हिशोब. स्नायूची लाट मिलिव्होल्टमध्ये मोजतात, संवेदनेची मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट बारीक मापात. म्हणूनच कातडीवर तेल किंवा क्रीम असलं, जवळ मोबाईलचा चार्जर लावलेला असला, अर्थ इलेक्ट्रोड सैल असला की संवेदनेची लाट गोंगाटात बुडते आणि रिपोर्टवर 'रिस्पॉन्स नाही' असं उमटतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या थंड हातापायांमुळे. एसीच्या खोलीत वीस मिनिटं बसलेल्या माणसाच्या हाताची कातडी २७ अंशांवर असू शकते. मोजताना हात निदान ३२ अंश आणि पाय ३० च्या वर हवेत. तापमान एक अंश उतरलं की वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो आणि मनगटापासूनचा वेळ सुमारे ०.२ मिलिसेकंदाने लांबतो. समजा अशा थंड हातात मीडियन नसेचा वेळ ५.० मिलिसेकंद आला. बहुतेक लॅबची मर्यादा साडेचारच्या आसपास असते, त्यामुळे 'कार्पल टनेल', म्हणजे मनगटात ही नस दबल्याचा, शिक्का बसतो. तोच हात ऊबदार पाण्यात ठेवून ३२ अंशांवर आणला तर आकडा ४.० वर येतो आणि आजार गायब! जाणकार डोळ्याला खूण आधीच दिसते: थंडीत लाट उशिरा येते, पण संवेदनेची लाट उलट उंच होते. उशीर आणि उंची एकत्र दिसली की नसेआधी थर्मामीटर बघावा. तापमानाचं सूत्र लावून आकडा दुरुस्त करायची सोय असते, पण आजारी नस त्या सूत्राला बांधलेली नसते. हात गरम करणं हाच खरा उपाय, आणि त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात, कारण कातडी आधी तापते, नस मागून.

म्हणून मनगटात नस दबल्याचा संशय असेल तेव्हा तुलनेची चाचणी झालीच पाहिजे. तळहातावर ८ सेंटिमीटरवरून मीडियन आणि करंगळीकडची अल्नर, दोन्ही नसा मोजायच्या, फरक ०.४ मिलिसेकंदाहून जास्त भरला तर दबलेली नस मीडियन. दोघींचा हात एकच, थंडी एकच, वय एकच, त्यामुळे या फरकात थंडीची लबाडी चालत नाही. ज्या रिपोर्टमध्ये 'सौम्य कार्पल टनेल' लिहिलंय पण ही तुलना नाही, त्याच्यावर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

दुसरी खोट करंटच्या मापात. लाट वाढायची थांबेपर्यंत करंट वाढवायचा आणि मग आणखी सुमारे २० टक्के, हा नियम. पेशंट कळवळतो म्हणून आधीच थांबलं की काही तंतू जागेच होत नाहीत. जाड मांडीच्या माणसाच्या गुडघ्यामागे हे हमखास होतं, आणि नसलेला कंडक्शन ब्लॉक कागदावर येतो. उलट करंट फार झाला तर तो शेजारच्या नसेत सांडतो. मनगटावर मीडियन तपासताना लाटेच्या सुरुवातीलाच उलटा खड्डा दिसला आणि करंगळीकडची बाजू उडायला लागली की समजावं, अल्नर सामील झाली.

कोपरावर अल्नर तपासताना हात काटकोनाच्या जवळपास वाकवलेला असावा. हात सरळ असला की नस आत सैल पडलेली असते, टेप मात्र कातडीवरून कमी अंतर दाखवतो, आणि निरोगी नस मंद ठरते. इथला टप्पा जेमतेम १० सेंटिमीटरचा, तेव्हा टेप एक सेंटिमीटर चुकला तरी ५० चे ४५ होतात.

आता सुई. ती एकदाच वापरायची, पातळ असते, करंट देत नाही. स्नायूतली वीज फक्त ऐकते. १९२९ साली एड्रियन आणि ब्राँक यांनी आणलेली समकेंद्री सुई आजही मूळ रूपात चालते. स्नायू सैल असताना शांतता हवी. नस तुटलेल्या स्नायूत पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा ठेक्यातला टिकटिक आवाज येतो, त्याला फिब्रिलेशन म्हणतात. नंतर स्नायू हळूहळू आवळायला सांगतात. नसेचा आजार असेल तर मोजकी पण मोठाली, भरधाव लाट दिसते. स्नायूचाच आजार असेल तर बारीक लाटांची गर्दी थोड्याशा जोरालाच उसळते. इथे मशीन काही सांगत नाही, कान आणि अनुभव सांगतो. त्यामुळे सुईचा भाग डॉक्टरने स्वतः करायला हवा, टेक्निशियनने नव्हे. स्नायूची बायोप्सी करायची असेल तर सुई टोचलेल्या स्नायूतून तुकडा घेत नाहीत, दुसऱ्या बाजूचा घेतात.

घाई हा या तपासणीचा शत्रू आहे, तपासणी उरकण्याची आणि ती फार लवकर करण्याचीही. नस तुटली तरी पुढचा तुकडा काही दिवस संदेश वाहतो: स्नायूची लाट पडायला तीन ते सात दिवस लागतात, संवेदनेची सुमारे दहा. फिब्रिलेशन हातापायांत दोन-तीन आठवड्यांनी उगवतं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशीचा 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणून निकामी. गियाँ-बारे या, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटून झपाट्याने अशक्तपणा आणणाऱ्या आजारातही पहिल्या आठवड्यात बरंच काही ठीक दिसू शकतं. कधी फक्त एफ-वेव्ह, म्हणजे झटका मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतल्यावर येणारी लाट, गायब असते. अशा वेळी पुन्हा तपासणी लागते आणि त्यात पैसे उकळण्याचा संशय घेऊ नये.

तपासणीला न दिसणाऱ्या गोष्टीही नेमक्या आहेत. तळव्यांची आग आग होते, चादर टोचते, आणि रिपोर्ट पूर्ण नॉर्मल. ही खोटी तक्रार नव्हे. आग वाहणारे तंतू फार बारीक असतात. एनसीव्ही फक्त जाड तंतू मोजते. तिथे कातडीची बायोप्सी हवी. मानेत किंवा कमरेत नसेचं मूळ दबलं असेल तर बोटं बधिर असूनही संवेदनेची लाट चांगली येते, कारण दाब चेतापेशींच्या गाठीच्या अलीकडे, मणक्याच्या बाजूला असतो. या चांगल्या लाटेलाच तिथे निदानात किंमत आहे. पण मुळाचा फक्त संवेदनेचा भाग दबला असेल तर सुईतही काही सापडत नाही.

रिपोर्टमध्ये काय बघावं? तापमानाचा आकडा, पेशंटची उंची आणि वय, आणि लाटांचे छापील आलेख. उंच माणसाची एफ-वेव्ह उशिराच येते. म्हाताऱ्या माणसाच्या पायातली सुरल ही संवेदनेची नस न सापडणं हा पुष्कळदा वयाचा भाग. आणि एकाच लाल आकड्यावर कधीच जाऊ नये. प्रत्येक चाचणीची मर्यादा निरोगी लोकांतले अडीच टक्के बाहेर पडतील अशी ठेवली असेल आणि दहा स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा 'बिघडलेला' यायची शक्यता सुमारे २२ टक्के असते. मशीन तो आकडा लाल करतं, खाली तयार वाक्य छापतं, आणि सही करणारा वाचतोच असं नाही.

जाताना अंघोळ करून, अंगाला काही न लावता, अंगठ्या काढून जावं. उपाशी राहायची गरज नाही. पेसमेकर किंवा छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर आधी सांगावं. नेहमीची तपासणी बहुधा करता येते, फक्त यंत्राजवळ झटके देत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगावं, पण स्वतःहून बंद करू नये. लिम्फची सूज असलेल्या हातात सुई टाळतात. मायस्थेनियाच्या, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकत जाण्याच्या आजाराच्या, संशयासाठी सेकंदाला दोन-तीन झटक्यांची वेगळी चाचणी असते. तिच्याआधी त्या आजारावरची पायरिडोस्टिग्मिनची गोळी साधारण १२ तास थांबवतात, तीही डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. आधीचा रिपोर्ट असेल तर आलेखांसकट सोबत न्यावा, नुसत्या निष्कर्षाच्या पानावर तुलना होत नाही.